सुट्टे पैसे

बोडिलनं पडद्यावर ठिपके दाखवले.
निळे इकडे, पिवळे तिकडे, पापणी लवेपर्यंत.
"जास्त कुठे?"
मी म्हटलं, पुन्हा दाखवा.
ती म्हणाली, पुन्हा दाखवायचे नसतात.

वय विचारलं तेव्हा मी जन्मसाल सांगितलं,
वजाबाकी तिची तिनं केली.

फ्रेडरिक्सहाउनच्या बंदराजवळ बेकरीत असते मी,
पहाटेच्या पाळीला.
पाव मोजत नाही. ट्रे भरला की भरला.
कडेला बोटभर जागा उरली तर एक कमी आहे,
हे माझ्या तळव्यांना कळतं, मला नाही.
कणीक हाताला सांगते, अजून थोडं पाणी.
पण गिऱ्हाईक नोट पुढे करतं, गल्ला उघडतो,
आणि आकडे होतात धक्क्यावरचे कुरव पक्षी:
लांबून सगळे जागच्या जागी,
जवळ गेलं की एकदम उडालेले.

आमची भाषाही काही कमी नाही.
पन्नास म्हणजे अडीच विसा,
नव्वद म्हणजे साडेचार विसा,
त्यातला 'विसा' तर कधीच गळून पडला,
नुसतं साडेचार उरलंय जिभेवर.
त्र्याण्णव म्हणायचं तर आधी तीन म्हणा,
मग ते साडेचार कशाचे, हे आठवा.
बाकीच्यांना आठवावं लागत नाही.
म्हणून दोष भाषेवर टाकता येत नाही.
टाकून पाहिलाय.

बोडिल म्हणाली, कानाच्या वर, जरा मागे,
मेंदूला एक घडी असते.
पाच हा आकडा आणि पाच बटाटे
तिथं एकमेकांना ओळखतात.
"तुमच्यात ती ओळख कच्ची राहिली असावी."
एकट्या घडीचं हे काम नव्हे, असंही म्हणाली,
पुष्कळ धागे, पुष्कळ गाठी, अजून शोधताहेत लोक.
मी ऐकत होते. पण बोट तिथं गेलं होतं,
केसांत, कानाच्या वर,
दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तसं.

'आळशी', वहीच्या समासात शाळा लिहायची.
बाबा काही लिहीत नसत.
लेसोच्या फेरीवर दोरखंड सांभाळणारा माणूस,
रात्री काड्यापेटी टेबलावर ओतायचा.
सातातून चार गेल्या, ग्रो, किती?
मी एकेका काडीला बोट लावायची,
उरलेल्यांना पुन्हा एकदा,
आणि मधेच विसरायची कुठल्या गेलेल्या, कुठल्या उरलेल्या.
"पाठ हवं हे, पाठ!"
मग काड्या तेच परत भरायचे, घाईघाईनं,
माझं उत्तर बरोबर की चूक
न सांगताच.

त्यांना साडेतीन विसा पूर्ण झाल्या त्या दिवशी
पंधरा-दहाची फेरी मी पाच-दहाची समजले.
मांडीवर केक घेऊन धक्क्यावर बसले, रिकाम्या पाण्याकडे बघत.
पुढच्या फेरीनं पोचले तर अंधार,
आणि बाबा थर्मास घेऊन दिव्याखाली.
कॉफी थंडगार.
"मीही आत्ताच आलो," म्हणाले.
"वेळेचा जरा घोळ झाला."
मी समजले, माझं मन राखताहेत.

बोडिलचा शेवटचा प्रश्न फॉर्मवर छापील होता:
घरात आणखी कुणाला?
हो किंवा नाही, दोन चौकोन.
पेन तसंच धरून बसले.
आठवलं बेटावरचं एकुलतं दुकान.
बाबा तंबाखू घ्यायचे, खिशातली सगळी नाणी
पसरलेल्या तळहातावर धरायचे
आणि दुकानदाराला म्हणायचे, घे त्यातनं.
दर वेळी. हसून. दुसरीकडे बघत.
मला वाटायचं, बेटावरची माणसं
अशीच विश्वासाची असतात.

दोन्ही चौकोन रिकामे ठेवले.
समासात लिहिलं:
वडील. तपासणी झालेली नाही.